मुळेसाहेब घरी येऊन गेले

मुळेसाहेबांना नावं ठेवणारं माणूस मला अख्ख्या नगर जिल्ह्यात अजून भेटलेलं नाही. एक मी सोडून. आणि माझं कोण ऐकतंय? मी त्यांच्या ऑफिसात टेबलाशी बसून कागद लावणारी बाई. ज्यांचे पाय मोडले, बोटं गेली, कंबरडी खचली, आणि ज्यांच्या त्या मोडलेल्या हाडांची किंमत साहेबांनी गोड बोलून खाली आणली, ती माणसंसुद्धा त्यांना देवमाणूस म्हणतात. दिवाळीत त्यांच्याकडे फराळाचे डबे पोचवतात. मला हे इतकी वर्षं पचलेलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

आमचं ऑफिस स्टेशन रोडला, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर. विमा कंपन्या आम्हाला कामं देतात. रस्त्यावर अपघात होतो, ट्रकवाल्याचा विमा असतो, जखमी माणूस भरपाई मागतो. कोर्टात प्रकरण लढवत बसलं की तारखांवर तारखा. म्हणून कंपनी म्हणते, आधी बाहेर बोलून बघा, जमलं तर लोकअदालतीत शिक्का मारून घेऊ. हे ‘बोलून बघणं’ म्हणजे मुळेसाहेब. भरपाई ठरते ती माणसाचं वय, त्याची कमाई आणि दुखापतीनं ती कमाई किती बुडाली, यावर. वय आधार कार्डावर छापलेलं असतं, तिथं कुणाचं काही चालत नाही. बाकीचं जाऊन बघावं लागतं. सरकारी दवाखान्याच्या दाखल्यावर अपंगत्वाचे टक्के असतात, पण ते हाताचे नाहीतर पायाचे. त्या हातावाचून त्या माणसाचं किती अडतं, ते दाखल्यात नसतं. ते बघायला साहेब घरी जायचे.

दिसायला एकदम सोज्वळ. पांढरा इस्त्रीचा शर्ट, कॉलरच्या आत घडी केलेला रुमाल, कपाळावर बारीक गंधाची टिकली. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी गेले नाहीत. पेशंटला केळी, लेकरांना बिस्किटाचा पुडा. दारात चपला काढायच्या त्या दोन्ही सरळ रेषेत. घरात म्हातारं माणूस असलं की आधी त्याच्या पाया पडायचे. आणि बोली तर अशी बदलायचे की ऐकत राहावं. इथं ऑफिसात ‘आहे’, ‘नाही’. शेवगावच्या बाजूला गेले की ‘काय म्हन्तंय पाऊसपानी’. माणूस बघावा, कागद नंतर, असं ते नेहमी म्हणायचे. जखम कागदावर मोठी दिसते आणि घरात लहान, हे त्यांचं दुसरं वाक्य. नवीन पोरं कामाला लागली की त्यांना हे ऐकवायचे आणि पोरं माना डोलवायची.

आता ही जखम घरात लहान कशी व्हायची, ते सांगते. शेवगावकडचा एक गृहस्थ होता, बाजार समितीत हमाली करणारा. गुडघ्याच्या वाटीचा चुरा झालेला. साहेब गेले तर त्या माणसानं शेजारून खुर्ची मागवून ठेवली होती. साहेब म्हणाले, छे छे, खुर्ची कशाला, आपण जमिनीवरची माणसं. आणि सतरंजीवर ऐसपैस मांडी घालून बसले. आता पाहुणा जमिनीवर आणि घरधनी खाटेवर, हे आपल्याकडे बघवतं का कुणाला? तो हमाल खाटेवरून खाली उतरला. ओठ दातांखाली धरून उतरला असेल, घाम फुटला असेल, पण उतरला आणि साहेबांसमोर मांडी घालून बसला. साहेबांनी पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या, चहा घेतला आणि संध्याकाळी अहवालात लिहिलं, मांडी घालून बसू शकतो. अहवालात खोटं काय होतं? काही नाही. त्या घरात पुढं कित्येक दिवस हेच कौतुक चाललेलं, एवढा मोठा साहेब पण जमिनीवर बसला बघा.

तसंच ‘बरंय’चं. आपल्याकडे कुणी घरी येऊन विचारलं, काय, कसं काय, तर माणूस काय म्हणतो? बरंय. बाळंतीण म्हणते बरंय, काल ज्याच्या घरात मयत झालं तोही म्हणतो बरंय. आल्यागेल्यासमोर आपलं दुखणं काढून बसायचं नसतं, असंच आपल्याला वळण लागलेलं. साहेब आत पाऊल टाकता टाकता अगदी मायेनं विचारायचे, काय दादा, बरंय ना आता? आणि दादा म्हणायचे, बरंय साहेब, तुमच्या आशीर्वादानं. झालं. ‘प्रकृती बरी असल्याचे स्वतः सांगितले.’ हे वाक्य मी इतक्या वेळा टाईप केलंय की बोटं आपोआप चालायची.

कमाईचंही तेच. मजुराकडे, कारागिराकडे कमाईचा कागद कुठून असणार? मग साहेब घरातल्या बाईला विचारायचे, वहिनी, घर कसं चालवता हो एवढ्या महागाईत? बाई बिचारी खूश. आजवर कुणी विचारलेलंच नसायचं. ती पदर सावरून सांगायची की आम्ही थोडक्यात भागवतो, उधळपट्टी आमच्यात नाही, शेंगदाण्याचं तेल अमुकच आणते, भाजी बाजार उठताना घेते. तिची काटकसर साहेब कमाई म्हणून मांडायचे. जेवढी बाई टुकीनं संसार करणारी, तेवढा तिचा नवरा कमी कमावणारा ठरायचा. मला टाईप करताना वाटायचं, उठावं आणि त्या बाईला फोन करून सांगावं, अगं, थोडी फुशारकी मार की.

बरं, माणूस पैसे खाणारा म्हणावा तर तेही नाही. कुणाकडून चहाच्या पलीकडे कधी काही घेतलं नाही. कंपनीनं बक्षीस दिलं तर ऑफिसात सगळ्यांना भेळ. आणि त्यांना खरंच वाटायचं की आपण लोकांचं भलं करतो. कोर्टात वकील निम्मं नेतील, वर्षानुवर्षं हेलपाटे घालायला लावतील, त्यापेक्षा आज हातात पडतंय ते सोन्याचं, असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. ते अगदीच खोटं होतं असंही मला म्हणता येत नाही. तिथंच तर माझी चिडचिड होते. लबाड माणसाचा राग राग करणं सोपं असतं.

स्वतःच्या दुखण्याबाबत मात्र साहेबांचं गणित वेगळं. एकदा स्कूटरवरून घसरले, कोपराला खरचटलं. हाड नाही, टाका नाही, नुसतं खरचटणं. पण कोपराला पट्टी बांधून आठवडाभर ऑफिसात कण्हत होते. चहाचा कप आम्ही हातात द्यायचा, फाईल आम्ही उघडून धरायची. कुणी विचारलं की कसं काय, तर ‘बरंय’ एकदाही तोंडातून निघालं नाही. ठणका कुठून सुरू होतो, कुठपर्यंत जातो, रात्री कोणत्या कुशीवर झोपता येत नाही, सगळं साद्यंत. आमचा शिपाई दाराआड जाऊन हसायचा. मला हसू आलं नाही.

आता रज्जाकभाईंचं सांगते, ज्यासाठी हे सगळं सांगत आले.

कोल्हार माझं माहेर. रज्जाकभाई तिथले गादीवाले. पंचक्रोशीत कुणाचंही लग्न असो, गाद्या रज्जाकभाईंच्या. माझ्या लग्नातली गादीसुद्धा त्यांनीच भरलेली. अजून तिच्यात खड्डा पडलेला नाही. हातात लांब दाभण, टाके असे ओळीत की दोरी धरून घातल्यासारखे. उसाच्या ट्रकनं त्यांना मनमाड रोडवर उडवलं आणि उजवं मनगट चेचलं. आत स्टीलची पट्टी घालून हाड जोडलं, पण अंगठा गेला. गेला म्हणजे जागेवर होता, नुसता लोंबायचा. त्याला दाब देता येईना. आणि गादीवाल्याचा सगळा जोर अंगठ्यात. दाभण जाड गादीतून आरपार न्यायची तर मागून अंगठ्यानंच रेटावी लागते.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुसरीकडची शीर घेऊन अंगठ्याला जोडता येईल, अंगठा पुन्हा काम करेल. पण लवकर करा, सांधा आखडला की मग काही उपयोग नाही. सरकारी योजनेत ते ऑपरेशन बसत नव्हतं. पहिल्या दवाखान्यातच घरातलं सगळं संपलेलं. म्हणजे भरपाई वेळेत आणि पुरेशी मिळाली तर अंगठा परत, नाहीतर जन्माचा गेला. इतकं साधं होतं ते.

फाईल आमच्याकडेच आली. साहेबांना कळलं कोल्हार माझं माहेर, तर म्हणाले, शोभाबाई, तुम्हीही चला, ओळखीचं माणूस असलं की लोक मोकळेपणी बोलतात. मी आदल्या दिवशी रज्जाकभाईंना फोन केला. नोकरी गेली तर गेली म्हटलं. त्यांना पढवलं, साहेब आले की उठायचं नाही. पाणी भाभी देतील, तुम्ही तांब्याला हात लावायचा नाही. खाली बसायचं नाही. बरंय म्हणायचं नाही, काय होतं ते सांगायचं. भाभींना सांगितलं, काटकसरीचं एक अक्षर काढू नका. दोघांकडून वदवून घेतलं, शाळेतल्या पोरांसारखं.

आणि खरं सांगते, त्यांनी सगळं पाळलं. साहेब केळी घेऊन आत शिरले, विचारलं बरंय ना, तर रज्जाकभाई मान खाली घालून म्हणाले, “न्हाई साहेब. अंगठा काम करीत न्हाई.” खाटेवरून उठले नाहीत. साहेब सतरंजीवर बसले तर यांच्या जिवाची कालवाकालव झालेली मला दिसत होती, पण बसून राहिले. पाणी झुबेदाभाभींनी आणलं. घरखर्चाचं विचारलं तर भाभी म्हणाल्या, पुरत न्हाई. मी दाराजवळ उभी, मनातल्या मनात म्हणत होते, आज जमलं.

साहेबांनी वही मिटली. चहा घेतला. उठायच्या बेतात इकडंतिकडं बघितलं आणि कोपऱ्यात एक अर्धवट भरलेली गादी गुंडाळून ठेवलेली, तिच्यावरून हात फिरवला. म्हणाले, आमच्या आईकडे अशी गादी होती हो. आता त्या दुकानातल्या फोमच्या गाद्यांवर पाठ टेकत नाही. हा टाका काय सुरेख आहे. एवढ्या जाडीतून दोरा सरळ वर कसा येतो, मला लहानपणापासून कोडं आहे.

रज्जाकभाईंनी मान वर केली. अपघात झाल्यापासून घरात जो तो येत होता तो हाताबद्दल विचारायचा, पैशाबद्दल विचारायचा, पोलिसांच्या कागदाबद्दल विचारायचा. त्यांच्या कामाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्यांचा चेहरा एकदम उजळला. मी खोकले. भाभींनी माझ्याकडं पाहिलं. पण ते खाटेवरून उतरलेसुद्धा होते. कोपऱ्यातली गादी त्यांनी डाव्या हातानं ओढली, दाभणीत दोरा भाभींकडून ओवून घेतला. दाभण उजव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यात धरली आणि तळहाताच्या उंचवट्यानं रेटली. अंगठा बाजूला लोंबत होता. दाभण अर्ध्यावर अडकली. दुसऱ्यांदा रेटली तेव्हा पलीकडं टोक निघालं, पण ओढायला चिमूट नाही. तर त्यांनी खाली वाकून दाभण दातांत धरली आणि मान मागं खेचून दोरा ओढला. ओठाच्या कोपऱ्यावर रक्ताचा ठिपका आला. टाका सरळ होता. “असा येतो साहेब,” ते म्हणाले. मला पाणी-चहाचं सगळं सुचलं होतं, हे सुचलं नव्हतं.

साहेबांनी टाळी वाजवली. मनापासून वाजवली, त्यात नाटक नव्हतं. पाठीवर हात ठेवून म्हणाले, कला आहे बाबा तुमच्या हातात, ती कुठं जात नाही.

परतीच्या वाटेवर राहुरीच्या पुढं मी तोंड उघडलं. म्हटलं, साहेब, त्यांनी दोरा दातांनी ओढला, ते अहवालात यायला पाहिजे. साहेब खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “टाका पडला ना शोभाबाई? मग टाका पडला असं लिहायचं. दातांचं त्यांनी कोर्टात सांगावं.” मी भांडले. ड्रायव्हरसमोर भांडले, आवाज चढवून भांडले. त्यांना कोर्ट परवडणार नाही, अंगठा तोवर थांबणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे, असं तोंडावर म्हणाले. साहेब शांतपणे म्हणाले, तेच तर, म्हणूनच बाहेर मिटवणं त्यांच्या फायद्याचं.  अहवालात आलं, ‘आपला मूळ व्यवसाय करू शकतो, टाका घालून दाखवला.’ मी टाईप करायला नकार दिला तर दुसऱ्या मुलाकडून करून घेतला, मला एका शब्दानं बोलले नाहीत.

रज्जाकभाईंना जी रक्कम सांगितली ती त्यांनी मान्य केली. मी फोनवर सांगून थकले की घेऊ नका, अडून बसा. ते म्हणाले, अडून बसलो तर ऑपरेशनची मुदत जाईल, आणि साहेब काय मुद्दाम कमी देणार न्हाईत, भला मानूस हाय. लोकअदालतीत सही डाव्या हातानं केली. पैसे आले ते पहिल्या दवाखान्यासाठी नातेवाइकांकडून घेतलेलं परत करण्यातच गेले. पुण्याला जाणं पुढं ढकलत राहिले. ज्या दिवशी गेले त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, सांधा आखडला, आता कशाला आलात. मला हे भाभींनी सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. रागानंच रडले.

साहेबांचा निरोप समारंभ मागल्या वर्षी झाला. दिल्ली गेटजवळच्या एका हॉलमध्ये. कंपनीचे अधिकारी, शाल, श्रीफळ, भाषणं. आणि मागच्या खुर्च्यांवर साहेबांनी ज्यांच्या घरी पायधूळ झाडली होती, ती माणसं. कुणी कुबड्या भिंतीला टेकवून बसलेलं, कुणाची बाही रिकामी. पत्रिका न देता आलेली, एस.टी.नं आलेली. रज्जाकभाई स्टेजवर गेले. बरोबर भाभी. त्यांनी साहेबांसाठी एक तक्क्या आणला होता, लाल रेघांच्या कापडाचा, भरगच्च. माईकवर रज्जाकभाई म्हणाले, साहेबांसाठी सोताच्या हातानं शिवलाय.

साहेबांनी तक्क्या हातात घेतला, टाक्यांवरून बोट फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, खरंखुरं. त्यांनी माईक घेतला आणि सगळ्या सभेला सांगितलं की लोक म्हणत होते यांचा हात गेला. मी पहिल्या भेटीत ओळखलं होतं, हा हात जाणारा नाही. टाळ्या पडल्या. स्टेजवरूनच त्यांनी मला शोधलं. “शोभाबाई, तुम्ही गाडीत माझ्याशी भांडला होतात. या, बघा हा टाका.” मी गेले. तक्क्या पाहिला. रज्जाकभाई माझ्याकडं असे बघत होते की काही बोलू नको, आजचा दिवस काही बोलू नको. मी म्हटलं, हो साहेब, टाका छान आहे.

बाहेर हात धुवायच्या नळाशी भाभी भेटल्या. उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली, बाकी बोटांना दाभणीची टोचणी. मी हात हातात घेतला. त्या हळूच म्हणाल्या, “मीच शिवला, शोभा. त्यांच्यानं दोरासुदीक ओढवत न्हाई आता, दात हलत्यात.” माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मी आत जाऊन माईकवर सांगते, आत्ताच्या आत्ता. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. यवढ्या मान्सांत आज त्यांच्यासाठी टाळ्या पडल्या. घरी गेल्यावर मलाच म्हन्तील, मी शिवलाय. म्हनू दे.”

मी राहू दिलं. रस्त्यावर आले तर साहेब रिक्षात बसत होते. मांडीवर शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. रज्जाकभाई तक्क्या कोपरानं छातीशी दाबून आणत होते, बोटांनी धरता येत नव्हता म्हणून. तसाच त्यांनी तो आत सरकवला, तक्क्याचं एक टोक निसटलं तर गुडघ्यानं उचलून दिलं. साहेबांनी तो पाठीमागं घेतला, दोन्ही हातांनी दाबून नीट बसवला, रज्जाकभाईंना हात जोडले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, सावकाश चालव रे बाबा, माझी कंबर दुखते.